गिअर : ट्रॅक्टरचा आणि कर्जाचा



'गिअर' हा शब्द आता आपल्या बोलीत पुरता मुरला आहे. नेवासे तालुक्यात ज्या घरी ट्रॅक्टर नाही त्या घरचे पोरही 'लो'ला टाक, 'हाय'ला टाक असे सांगते. पण हाच शब्द बँकेतली आणि हिशेबतपासनीस मंडळीही वापरतात. अमक्या कारखान्याचे 'गिअरिंग' फार वाढले आहे, असे ते म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दात्यांची चाके नसतात. धंद्यात स्वतःचे भांडवल किती आणि कर्जाऊ पैसा किती, याचे प्रमाण त्यांना सांगायचे असते. विलायतेत याला गिअरिंग म्हणतात, अमेरिकेत लिव्हरेज म्हणतात. लिव्हर म्हणजे तरफ. आपण पहारीने धोंडा उलथतो तीच ती तरफ.

एकाच शब्दाला हे दोन अर्थ उगीच आलेले नाहीत. ट्रॅक्टरचा गिअर ज्याला नीट कळला त्याला कर्जाचा गिअर समजायला वेळ लागत नाही. आणि तो समजून घेण्याची आज फार गरज आहे. दारात नवा ट्रॅक्टर, शेतात पाइपलाइन, मागे गायींचा गोठा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तीन-तीन बोजे, अशी घरे आपल्या तालुक्यात गावोगाव आहेत. त्यांतली काही वर चढतात आणि काही बसतात. दोघांची मेहनत सारखीच असते. मग फरक कुठे पडतो, ते आज पाहू.

आधी लोखंडाचा गिअर

जुन्या माणसांना गुऱ्हाळाचा चरक आठवत असेल. मधला उभा रूळ, त्याला जोडलेला लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला गोल फिरणारी बैलजोडी. दांडा बारा फुटांचा आणि रूळ मध्यापासून कडेपर्यंत सहा इंचांचा धरला, तर बैलाची ओढ रुळापाशी चोवीस पट होते. घर्षणात थोडी जाते ती सोडा. एरवी दोन बैलांच्या ताकदीने उसाचे कांडे असे पिळून निघाले नसते. मात्र बैलाला बारा फुटांच्या दांड्याचा अख्खा वेढा चालावा लागतो, तेव्हा कुठे रूळ एकदा फिरतो. जोर वाढला, तेवढी चाल गेली.

दात्यांच्या चाकांचे हेच आहे. पंधरा दात्यांच्या लहान चाकाने साठ दात्यांचे मोठे चाक फिरवले तर मोठे चाक चौपट सावकाश फिरते, आणि त्याच्या आसाला पीळ चौपट मिळतो. इंजिनाने दिली तेवढीच शक्ती पलीकडे गेली, उलट तेलात आणि घर्षणात थोडी कमीच झाली. गिअरच्या पेटीत अश्वशक्ती तयार होत नाही. बाजारात काही मंडळी 'या मॉडेलचा गिअर भारी, ताकद जास्त' असे सांगतात, ते ऐकून घ्यावे आणि इंजिन किती अश्वशक्तीचे आहे ते विचारावे.

ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेते. लहान गिअरमध्ये, ताशी अडीच किलोमीटर चालीने नांगर ओढताना मागचे मोठे चाक मिनिटाला जेमतेम दहा फेरे घेते. म्हणजे इंजिनाच्या दोनशे फेऱ्यांना चाकाचा एक. तोच ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने पळतो तेव्हा सतरा-अठरा फेऱ्यांना एक पडतो. नेवासे फाट्यावरून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन पळणाऱ्याने रस्त्याचा गिअर वापरावा, ते योग्यच आहे. पण त्याच गिअरमध्ये त्याने काळ्या रानात नांगर रोवला तर इंजिन घरघरून बंद पडते. इंजिन चांगले असते, गिअर त्या कामाचा नसतो.

अजून दोन गोष्टी चालकांना माहीत असतात, त्या लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिली अशी की, गाळात रुतलेल्या ट्रॅक्टरला लहान गिअर टाकून नेट लावला आणि मागची चाके पुढे जाईचनात, तर तो वाढलेला पीळ ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. अशाने ट्रॅक्टर मागे उलटून माणसे गेलेली आहेत. दुसरी गोष्ट उताराची. नगरहून येताना इमामपूरचा घाट लागतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना ज्या गिअरमध्ये चढण चढावी लागते त्याच गिअरमध्ये उतारही उतरावा, असे जाणता चालक सांगतो. चढताना इंजिन ट्रॉलीला ओढते. उतरताना ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. जे ओझे मागे येत होते तेच पुढे रेटू लागते. डिझेल वाचवायला कोणी न्यूट्रल केले तर पुढे काय होते ते सांगायला नको.

आता पैशाचा

दोन भाऊ धरू, थोरला आणि धाकटा. दोघांनीही भाड्याने कामे करण्यासाठी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रोटाव्हेटर घेतले. प्रत्येकाला दहा लाख रुपये लागले. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून धरले आहेत. थोरल्याने दहाही लाख स्वतःचे घातले. धाकट्याजवळ दोन लाख होते, आठ लाख त्याने बारा टक्क्यांनी कर्ज काढले.

वर्ष चांगले गेले. डिझेल, दुरुस्ती, चालकाचा पगार जाऊन प्रत्येकाला दोन लाख सुटले. म्हणजे घातलेल्या दहा लाखांवर वीस टक्के. थोरल्याला त्याच्या पैशावर तेवढेच वीस टक्के पडले. धाकट्याने आठ लाखांचे व्याज ९६ हजार भरले, त्याच्याजवळ १ लाख ४ हजार उरले. पण त्याचे स्वतःचे तर दोनच लाख होते! त्या दोन लाखांवर १ लाख ४ हजार म्हणजे बावन्न टक्के. कर्जाचा गिअर म्हणतात तो हाच. धाकट्याच्या एका रुपयाने आणखी चार रुपये ओढून आणले. बँकेला बारा टक्के देऊन त्यांतले वरचे आठ टक्के त्याच्या पदरात पडले. कर्ज म्हणजे वाईटच, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

दुसऱ्या वर्षी पावसाने ओढ दिली. कामे निम्म्याहून कमी झाली आणि दोघांनाही ६० हजारच सुटले. थोरल्याला सहा टक्के पडले. तो कुरकुरला, पण निभावून नेले. धाकट्याचे व्याज मात्र ९६ हजारच. त्याला ३६ हजार पदरचे घालावे लागले, म्हणजे त्याच्या दोन लाखांवर अठरा टक्के तोटा. पाऊस दोघांना सारखाच कमी झाला होता. थोरला वीसवरून सहावर आला. धाकटा बावन्नवरून शून्याच्या खाली अठरावर गेला. ज्या दात्यांनी नफा मोठा केला, त्याच दात्यांनी तोटाही मोठा केला.

याचा काटा कुठे फिरतो तेही काढून पाहा. दहा लाखांवर १ लाख २० हजार सुटले, म्हणजे बरोबर बारा टक्के, तर थोरल्याला बारा टक्के पडतात. धाकट्याचे व्याजाचे ९६ हजार जाऊन २४ हजार उरतात, ते दोन लाखांवर बाराच टक्के होतात. धंद्याची कमाई व्याजाच्या दरापेक्षा वर असेल तर कर्ज तुम्हाला वर उचलते, खाली असेल तर खाली दाबते, आणि बरोबरीला असेल तर कर्ज घेतले काय नि न घेतले काय, सारखेच. म्हणून बँकेत जाण्याआधी घरी काढायचा आकडा तो हा. दोन लाख मिळतील की तीन, याच्या आधी वाईट वर्षात किती मिळतील ते लिहा आणि त्याच्याशेजारी व्याज मांडा.

आता यात मुद्दलाचा हप्ता धरलेला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. आठ लाख आठ वर्षांत फेडायचे तर वर्षाला एक लाख मुद्दल आणि पहिल्या वर्षी ९६ हजार व्याज, मिळून १ लाख ९६ हजार. चांगल्या वर्षात सुटले दोन लाख. म्हणजे कागदावर बावन्न टक्के नफा कमावणाऱ्या धाकट्याच्या हाती चार हजार रुपये राहिले. तसले वाईट वर्ष पहिलेच आले असते तर १ लाख ३६ हजारांची खोट आली असती. ट्रॅक्टर झिजतो त्याचा घसारा तर आपण मोजलाच नाही. 'धंदा तर चालतोय, मग घरात पैसा का दिसत नाही?' असे घरची लक्ष्मी विचारते, तेव्हा तिचे काही चुकत नसते. नफा आणि हातातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बँकेचा हप्ता हातातल्या पैशाने भरावा लागतो.

सावकाराचे दर लावून पाहिले तर आणखी डोळे उघडतात. महिना शेकडा दोन रुपये म्हणजे साल चोवीस टक्के. आठ लाखांचे व्याज १ लाख ९२ हजार होते, चांगल्या वर्षातही धाकट्याला आठ हजार उरतात. शेकडा तीन असेल तर व्याज २ लाख ८८ हजार, आणि चांगल्याच वर्षात ८८ हजारांची बुडी. वीस टक्के कमावणारा धंदा छत्तीस टक्क्यांचे कर्ज ओढू शकत नाही, मग मेहनत कितीही करा. बिगरपरवाना सावकारीविरुद्ध महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. पण अडलेला माणूस तक्रार करत नाही, हेही आम्ही गावोगाव पाहतो.

दीडशे वर्षांपूर्वीचा उतार

हा खेळ आपल्या जिल्ह्याने फार मोठ्या प्रमाणावर एकदा भोगला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली आणि सावकार सढळ हाताने रोखे लिहून घेऊ लागले. तेजीचा हिशेब धरून कर्ज झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमिनीच्या फेरपाहणीत सारा वाढवला होता. उत्पन्न उतरले; सारा आणि व्याज उतरले नाही. चढणीला जे ओझे शेतकरी हौसेने ओढत होता ते उताराला त्याच्या अंगावर आले.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. हे दंगे पुढे आपल्या, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. खतपत्रे, रोखे बाहेर काढून जाळले, आणि पुष्कळ ठिकाणी कागद हाती आल्यावर जमाव माघारी फिरला. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा खास कायदा केला. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतीच्या अंगाने पाहिले तर भरतीच्या काळात टाकलेला मोठा गिअर ओहोटीत काढता आला नाही, असे ते झाले. आपल्याकडे पूर्वी दामदुपटीचा नियम होता, म्हणजे थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करू नये. जुन्या लोकांनी गिअरला घातलेली ती एक अडण होती.

एकाच आवारात दोन्ही

दोन्ही गिअर एका ठिकाणी पाहायचे असतील तर साखर कारखान्यात जावे. आपल्या तालुक्यात सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर असे दोन सहकारी कारखाने उभे राहिले, त्यामुळे आपल्याला लांब जायला नको. कारखान्यात वाफेचे टर्बाईन मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि ऊस पिळणारे अवजड रूळ मिनिटाला चार-पाच फेरेच घेतात. मधल्या दात्यांच्या पेट्या वेग हजारपटीने उतरवून त्याचा पीळ करतात. गुऱ्हाळातल्या बैलाचा दांडा तिथे लोखंडी पेटीत बसला आहे, एवढेच.

दुसरा गिअर कचेरीत, कपाटातल्या ताळेबंदात असतो. शेजारच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना उभे केले, अर्थशास्त्री धनंजयराव गाडगीळांनी साथ दिली आणि १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांनी पै-पै करून भाग घेतले, पण केवळ तेवढ्यावर कारखाना उभा राहत नव्हता. औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले तेव्हा ते जमले. पुढे महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांसाठी जो नमुना रूढ झाला तो असा : शंभर रुपयांच्या उभारणीत सभासदांचे दहा, सरकारी भागभांडवलाचे तीस आणि कर्जाचे साठ. म्हणजे शेतकऱ्याच्या एका रुपयाने दहा रुपयांचा कारखाना ओढला. हा गिअर नसता तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांच्या नशिबी कारखान्याची चिमणी आलीच नसती. हे श्रेय द्यावेच लागेल.

पण साठ रुपयांचे व्याज पावसाकडे पाहत नाही. मुळा धरण २६ टीएमसीचे खरे, पण २०१२, २०१५ आणि २०१८ च्या दुष्काळांत पाण्याची आवर्तने आटली, ऊस चाऱ्याला गेला आणि गाळपाचे दिवस घटले. टर्बाईन बंद राहिले तरी कर्जखाते चालूच असते. त्यात साखर धंद्याचे आणखी एक दुखणे आहे. उसाचे पैसे कायद्याने चौदा दिवसांत द्यायचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला रास्त व किफायतशीर दर टनाला ३,५५० रुपये ठरला. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकते. म्हणून पोती बँकेकडे तारण ठेवून उचल घ्यावी लागते. बँक पोत्याच्या किमतीचा काही भाग राखून बाकीची उचल देते. त्या राखलेल्या भागाला कचेरीच्या भाषेत 'दुरावा' म्हणतात. साखरेचा बाजार पडला की दुरावा अपुरा पडतो आणि बँक नवी उचल थांबवते. तुमचे बिल अडले की पुष्कळदा कारण हे असते, म्हणजे गेटवर ओरडून त्याचा उलगडा होत नाही. राज्यातल्या कित्येक सहकारी कारखान्यांचे कर्ज असे चढत गेले आणि शेवटी बँकांनी ते २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताब्यात घेऊन विकले. सभासदाचा तो दहातला एक रुपया सर्वांत आधी गेला. तोटा झाला की पहिला घाव नेहमी स्वतःच्या भांडवलावर पडतो, कर्जावर नाही.

वार्षिक सभेआधी सभासदाला अहवाल मिळतो. तो पुस्तकासारखा वरून चाळून शाळकरी पोरांना वह्या झाकायला देऊ नका. ताळेबंदाचे पान उघडा. भांडवल व देणी या बाजूला भागभांडवल, राखीव निधी आणि इतर निधी असतात, त्यांची बेरीज करा. त्यातून संचित तोटा वजा करा. तो पलीकडच्या बाजूला शेवटी लिहिलेला असतो आणि पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. जे उरते ते संस्थेचे खरे स्वतःचे भांडवल. मग मुदत कर्जे आणि माल तारण कर्जे यांची बेरीज करून तिला त्या आकड्याने भागा. समजा भागभांडवल ३० कोटी, निधी ३० कोटी, संचित तोटा ४० कोटी आणि कर्जे १६० कोटी. स्वतःचे उरले वीस, आणि वीसला एकशे साठ म्हणजे एकास आठ. याच्या मागच्या वर्षी तेच प्रमाण एकास पाच असेल तर सभेत उभे राहून विचारा की हे तीन कशाने वाढले. उत्तर 'आसवनी उभारली' असे असेल तर एक गोष्ट, आणि 'मागचे देणे फेडायला' असे असेल तर दुसरी. आपली गावची विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था यांनाही हाच गज लावता येतो. मात्र बँका आणि पतसंस्था ठेवींवरच चालतात, तिथले प्रमाण मोठेच असणार. कारखान्याशी त्यांची तुलना करू नये.

घरचा ताळेबंद

आता स्वतःच्या घराकडे वळा. हा हिशेब दोघांनी, नवरा-बायकोने मिळून करावा. घरचा किराणा, शाळेची फी, दवाखाना आणि बचत गटाचा हप्ता बाईच्या तोंडपाठ असतो, आणि ते आकडे धरल्याशिवाय हप्ता फेडण्याची ताकद कळत नाही. वहीच्या एका पानावर सगळी देणी लिहा : सोसायटी, बँक, ट्रॅक्टर, सोनेतारण, कृषिसेवा केंद्राची उधारी, हातउसने. उधारी लिहायला लोक विसरतात, आणि तिच्यावर व्याज नाही अशी समजूत करून घेतात. ते औषधांच्या भावात आधीच धरलेले असू शकते. रोखीचा भाव विचारून पाहा. प्रत्येक देण्यासमोर साल व्याज आणि या वर्षाचा हप्ता मांडा.

पलीकडे कमाई लिहा, दोन रकान्यांत. एकात बरे वर्ष, दुसऱ्यात आवर्तन चुकलेले किंवा कांद्याला भाव नसलेले वर्ष. घोडेगावच्या बाजारात कांदा घेऊन गेलेल्या कोणालाही दुसरा रकाना कसा भरायचा ते शिकवावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र तिथे लिहू नका, ती म्हणजे रस्त्याकडेच्या जमिनीचा बाजारभाव. 'माझी दोन कोटींची जमीन आहे, मला दहा लाखांचे कर्ज काय जड?' असे म्हणणारे बरेच भेटतात. जमिनीच्या किमतीने हप्ता फिटत नाही, पिकाने फिटतो. जमीन विकूनच फेडायचे असेल तर गोष्ट वेगळी. ट्रॅक्टरची किंमत कितीही असो, त्याची ओढ इंजिनावर ठरते.

गिअर कामाप्रमाणे निवडावा हे कर्जालाही लागू आहे. पीककर्ज हे एका हंगामाचे कर्ज. ते बी-खतासाठी घ्यावे आणि पीक आले की फेडावे. वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्के व्याजाने देण्याची घोषणा राज्याच्या २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली. इतका स्वस्त पैसा दुसरीकडे नाही, आणि एक मुदत चुकली की ती सवलत हातची जाते. विहीर, पाइपलाइन, ठिबक, फळबाग यांना लांब मुदतीचे कर्ज हवे, कारण त्यांची कमाई हळूहळू येते. घोटाळा होतो तो अदलाबदलीने. पीककर्ज उचलून ट्रॅक्टरचे सुरुवातीचे पैसे भरले, किंवा मुलीच्या लग्नात घातले, की मार्चमध्ये फेडायला पीक नसते. मग सावकाराकडून आणून सोसायटी भरायची, आणि नवे पीककर्ज मिळाले की सावकार भागवायचा. गावोगाव याला 'जुने-नवे' करणे म्हणतात. रस्त्याच्या गिअरात नांगर ओढण्यातला हा प्रकार आहे, आणि यात चाळीस अश्वशक्तीचे घरही बंद पडते.

दुष्काळात गिअर बदलण्याची सोयही आहे. शासनाने दुष्काळ जाहीर केला की पीककर्जाचे पुनर्गठन होऊन ते मध्यम मुदतीचे करता येते. पण चढणीवर इंजिन बंद पडेपर्यंत थांबून मग गिअर शोधणारा चालक आणि खाते थकीत झाल्यावर बँकेत जाणारा शेतकरी सारखेच. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी सचिवाला किंवा शाखाधिकाऱ्याला भेटा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एक सांगितले पाहिजे. पुनर्गठनाने व्याज माफ होत नाही, हप्ते लहान होऊन लांबतात. वेग देऊन ओढ घ्यायची, तोच व्यवहार इथेही आहे.

आता ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्यांसाठी एक शेवटची बाब, कारण दसरा-पाडव्याला दुकानात गर्दी होते आणि कागद वाचायला कोणाला सवड नसते. व्याज सांगताना 'दहा टक्के' एवढेच सांगितले तर विचारा, सरळ मुद्दलावर की घटत्या शिलकीवर? पाच वर्षांच्या कर्जात दहा टक्के सरळ, म्हणजे दहा लाखांवर पाच लाख व्याज आधीच धरून पंधरा लाखांचे हप्ते पाडले, तर घटत्या शिलकीच्या हिशेबाने ते सोळा-सतरा टक्के होतात. तुम्ही दरवर्षी मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण दहा लाखांवरच भरता. वरच्या धाकट्या भावाचा काटा मग बाराऐवजी सोळा-सतरावर फिरेल. परतफेडीचा तक्ता सहीच्या आधी मागून घ्या, घरी आणा, शाळा शिकलेल्या लेकीला किंवा सुनेला बेरीज करायला लावा. आणि हप्ता महिन्याचा घेऊ नका. सहामाही मागा, आणि तोही उसाचे किंवा कांद्याचे पैसे येतात त्या महिन्यांनंतरचा.